रेवदंड्याचा तट आणि रोमची भिंत

अलिबागहून मुरुडकडे जाणारी एसटी नागाव मागे टाकते, चौलच्या वाड्यांमधून वळणं घेत पुढे येते आणि रेवदंड्याच्या वेशीवर एका जुन्या दगडी तटातून आत शिरते. गाडीतल्या बहुतेकांचं तिकडे लक्ष नसतं. कुणी सामान आवरत असतं, कुणाला साळावचा पूल ओलांडून पुढे जायचं असतं. क्षणभर दोन्ही बाजूंना काळा दगड दिसतो, त्यात रुजलेली वडा-पिंपळाची मुळं दिसतात, आणि लगेच नारळ-सुपारीच्या वाड्या, घरं, बाजारपेठ सुरू होते. किल्ल्याच्या आत गाव आहे आणि गावाच्या आत किल्ल्याचे तुकडे आहेत. कुणाच्या परसात चर्चची भिंत उभी आहे, कुणाच्या वाडीचं कुंपण म्हणजे पोर्तुगिजांच्या एखाद्या मठाचा पाया आहे.

हा तट कशासाठी बांधला, असं गावात कुणालाही विचारलं तर उत्तर एकच मिळतं, शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. या गावावरचा सगळ्यात मोठा हल्ला झाला तेव्हा हा तट उभाच नव्हता, आणि तरीही गाव पडलं नाही. पुढे भक्कम तट उभा राहिला, आणि शेवटी गाव गेलं ते तट न पडता, एका कागदावर. मग या दगडांनी नेमकं काम कोणतं केलं? त्याचं उत्तर शोधायला आधी जरा लांब जाऊन येऊ. जाण्यासारखं कारणही आहे, कारण तो रस्ता चौलच्या बंदरातूनच निघतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं एक छोटं पुस्तक आहे. तांबड्या समुद्रातून निघून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर कोणकोणती बंदरं लागतात आणि तिथे काय विकलं जातं याची ती खलाशांसाठी केलेली वही. त्यात कल्याणनंतर ‘सेमुल्ला’ येतं. दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी ‘सिमुल्ला’ म्हणतो. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांचं गाव म्हणून ‘चेमुल’ येतं. हे सगळं आपलं चौल. म्हणजे रोमच्या साम्राज्यातला माल या खाडीच्या तोंडाशी उतरत होता, आणि इथला माल रोमच्या साम्राज्यात जात होता.

त्याच काळात, त्याच साम्राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, रोमन सैनिक दगड रचत होते. सम्राट हेड्रियन इ. स. १२२ मध्ये ब्रिटनमध्ये आला आणि त्याने बेटाच्या अरुंद भागात, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत भिंत घालायचा हुकूम दिला. लांबी ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर. पूर्वेकडचा भाग दगडी, सुरुवातीला दहा रोमन फूट रुंदीचा आखलेला. पश्चिमेकडचा भाग आधी नुसत्या गवताळ मातीच्या ढेपा रचून केलेला, नंतर तोही दगडाचा झाला. तीन लीजनांच्या सैनिकांनी हे काम केलं. पुढे राखणीला मात्र लीजनचे सैनिक राहिले नाहीत. साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांतून भरती केलेली साहाय्यक पथकं राहिली. आजच्या बेल्जियम-हॉलंडकडची माणसं, स्पेनकडची माणसं, एका पथकात तर सीरियाचे धनुर्धारी. थंडीवाऱ्यात, परमुलखात, कुणाच्या तरी सीमेची राखण करत बसलेली.

हेड्रियनच्या एका जुन्या चरित्रात ही भिंत रोमन आणि रानटी लोकांना वेगळं करण्यासाठी घातली असं म्हटलं आहे. बराच काळ इतिहासकारांनी ते तसंच धरलं. पण भिंत मोजायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली, आणि मला तरी त्या भिंतीबद्दल तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या भिंतीला दरवाजे फार आहेत. दर रोमन मैलाला, म्हणजे दीड किलोमीटरला थोडं कमी अशा अंतरावर, एक छोटी गढी आहे, आणि आखणीप्रमाणे तिला एक दरवाजा रोमन बाजूला आणि एक पलीकडच्या बाजूला. दोन गढ्यांच्या मध्ये दोन टेहळणीचे मनोरे. त्याशिवाय पुढे मोठे लष्करी किल्ले बांधले, त्यातले काही भिंतीवर असे बसवले की त्यांचे तीन-तीन दरवाजे पलीकडच्या मुलखात उघडत. काही ठिकाणी गढीच्या उत्तरेच्या दरवाजासमोर इतका तीव्र उतार आहे की तिथून गाडी जाणं अशक्य. पण नमुन्यात दरवाजा होता, म्हणून दरवाजा झाला. सरकारी काम दोन हजार वर्षांपूर्वीही सरकारीच होतं.

ज्याला माणसं पूर्णपणे बाहेर ठेवायची आहेत तो शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या भिंतीला ऐंशीच्या आसपास दरवाजे ठेवत नाही. दरवाजे ठेवायचे ते ये-जा व्हावी म्हणून, पण ती आपल्या डोळ्यांसमोर व्हावी म्हणून. कोण आला, किती जण आले, हत्यार आहे का, गुरं कुणाची, माल काय, त्यावर जकात किती हे सगळं दरवाजावर ठरतं. आणि ही नजर एकाच बाजूला नव्हती. भिंतीच्या दक्षिणेला, म्हणजे रोमच्या आतल्या बाजूला, सुमारे सहा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असा एक सपाट तळाचा चर खणला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मातीचे बांध घातले होते. तो ओलांडायला वाट फक्त किल्ल्यांपाशी. म्हणजे आपल्याच मुलखातल्या माणसालाही भिंतीकडे सहज फिरकता येऊ नये, अशी व्यवस्था.

लढाईसाठी ही भिंत फारशी कामाची नव्हती. एवढ्या लांबीवर पसरलेले काही हजार सैनिक कुठल्याही एका जागी मोठी फौज थोपवू शकले नसते. रोमन सैन्याची रीतही भिंतीमागून लढण्याची नव्हती. ते दरवाजातून बाहेर पडून मोकळ्या मैदानात लढत. भिंत अडवत होती ती पाच-पंचवीसांची टोळी. रात्री येऊन गुरं हाकून नेणाऱ्याला येताना भिंतीवर चढता येईल, पण जाताना वीस गाई घेऊन चढता येत नाही. तेवढ्यात मनोऱ्यावरचा पहारेकरी इशारा देतो.

डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर हेच काम भिंतीशिवाय चाललं. सम्राट मार्कस ऑरेलियसने हरलेल्या टोळ्यांशी तह करताना बाजाराच्या जागा आणि बाजाराचे दिवस ठरवून दिले. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणीच यायचं. त्याआधी टॅसिटसने एका जर्मन टोळीबद्दल लिहून ठेवलं आहे की ते रोमशी इतके इमानी की त्यांना पहाऱ्याशिवाय, कुठूनही नदी ओलांडून थेट शहरात व्यापाराला येऊ देतात. यावरून बाकीच्यांना कसं येऊ देत असतील ते कळतं.

आपल्याकडेही अशी एक भिंत होती, आणि ती काट्यांची होती. इंग्रजांनी मिठावरच्या करासाठी एकोणिसाव्या शतकात सिंधूपासून महानदीपर्यंत अडीच हजार मैलांच्या आसपास लांबीची जकातीची रेघ ओढली. त्यातला मोठा भाग बाभूळ, बोर, निवडुंग लावून केलेलं कुंपण होतं, आणि ते पंजाबातून थेट खानदेशाच्या उंबरठ्यावर, बऱ्हाणपूरपर्यंत आलं होतं. राखणीला सुमारे बारा हजार माणसं. काही काळ या खात्याचा मुख्य अधिकारी होता ॲलन ह्यूम, ज्याने पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १८७९ मध्ये ही रेघ मोडली, कुंपण वाळलं, आणि लोक इतके विसरले की आज सांगितलं तरी खरं वाटत नाही. त्या कुंपणाला कुठल्या फौजेशी लढायचं नव्हतं. डोक्यावर मिठाची गोणी घेऊन रात्री निघालेल्या माणसाला अडवायचं होतं.

आता रेवदंड्याला परत येऊ.

पोर्तुगीज इथे आले ते सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि गुजरातच्या मलिक अयाझच्या नौका यांनी मिळून त्यांना जबर मार दिला. त्यात व्हाइसरॉय आल्मेदाचा तरुण मुलगा लोरेंसो मारला गेला. तरीही ते टिकले. त्यानंतर वखार आली, आणि १५२१ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने त्यांना गढी बांधायला परवानगी दिली. परवानगी का दिली? घोड्यांसाठी. दख्खनच्या सगळ्या सुलतानांना अरबस्तान आणि इराणकडचे घोडे हवे होते, आणि ते समुद्रातून आणणं पोर्तुगिजांच्या हातात गेलं होतं. म्हणजे रेवदंड्याच्या पहिल्या दगडाखाली घोड्यांच्या व्यापाराचा करार आहे.

समुद्रावर भिंत घालता येत नाही. पोर्तुगिजांनी तिथे परवान्याची पद्धत बसवली. त्याला कार्ताझ म्हणत. जहाज कुणाचं, कुठून कुठे, माल काय हे त्यावर लिहिलेलं. परवाना नसलेलं जहाज सापडलं की जप्त. आणि परवाना असलेल्यानेही त्यांच्या ठाण्यावर थांबून जकात भरायची. रोमन भिंतीची गढी आणि पोर्तुगीज ठाणं यांचं मूळ काम एकच होतं. इथे तर एकाच खाडीवर दोन चौल झाली. वरचं चौल निजामशहाचं, खालचं पोर्तुगिजांचं. वरच्या चौलात विणकर, मोठी पेठ. खालच्या चौलात बंदर, वखार, चर्च. दोघांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं आणि एकमेकांवर विश्वासही नव्हता.

१५७० च्या अखेरीला तो अविश्वास फुटला. मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा दिला, त्याच वेळी विजापूरचा अली आदिलशहा गोव्यावर चालून गेला. गोव्यात सल्लागारांचं मत पडलं की चौल सोडून द्यावं, सगळी ताकद गोव्यात लावावी. व्हाइसरॉय लुईस द अताईदने ऐकलं नाही. त्याने फ्रान्सिस्को मास्कारेन्यास याला कुमक देऊन चौलला पाठवलं. त्या वेळी इथे काय होतं? एक छोटी जुनी गढी आणि तिच्याभोवती उघडं पसरलेलं गाव. तट नाही. समोरची फौज लाखाच्या वर होती असं पोर्तुगीज लिहितात. जिंकणारा शत्रूचा आकडा नेहमी फुगवतो, पण निम्मी धरली तरी ती प्रचंडच. गावकऱ्यांनी आणि शिपायांनी चर खणले, मातीचे मोर्चे उभे केले, दगडी घरं आणि मठ यांचेच किल्ले केले. एकेका घरासाठी लढाई झाली. निजामशाही तोफांनी घरं पाडली, पोर्तुगिजांनी काही घरं सोडून जाताना सुरुंगाने उडवून दिली. सहा महिन्यांहून जास्त काळ हे चाललं. १५७१ च्या पावसाळ्यात तह झाला आणि निजामशहा परत गेला.

कशामुळे टिकलं गाव? समुद्र उघडा होता म्हणून. गोव्याहून, वसईहून गलबतं येत राहिली. दारूगोळा, धान्य, माणसं उतरत राहिली. फेरिश्ता हा निजामशाहीत राहून गेलेला इतिहासकार आणखी एक कारण देतो. तो म्हणतो की निजामशहाचे सरदारच फितूर झाले. पोर्तुगिजांकडून नजराणे, त्यातही मद्य, घेऊन त्यांनी रसद आत जाऊ दिली. हरलेल्या बाजूला फितुरीचं कारण नेहमीच सोयीचं असतं, तेव्हा तेही जपूनच घ्यावं. पण दोन्ही बाजूंच्या हकिगतींचं एका मुद्द्यावर एकमत आहे. गाव तगलं ते रसदीवर.

आज आपण बसमधून पाहतो तो तट या वेढ्यानंतरचा. एकदा जीवाशी आल्यावर पोर्तुगिजांनी सगळं गाव तटात घेतलं. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोल. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात थोडी जागा अशी राहते की शेजारच्या बुरुजावरून तिथे मारा पोचत नाही. तिथे शत्रू घुसला की त्याला सुरुंग लावायला आडोसा मिळतो. युरोपात तोफा आल्यावर इटलीतल्या स्थपतींनी यावर उपाय काढला. तट बुटका आणि जाड करायचा, म्हणजे गोळा लागला तरी कोसळत नाही. आणि बुरूज बाणाच्या टोकासारखे कोन काढून पुढे आणायचे, म्हणजे प्रत्येक बुरुजाचा पुढचा भाग शेजारच्या बुरुजाच्या माऱ्यात येतो. अंतोनियु बोकारुने १६३५ मध्ये पोर्तुगीज ठाण्यांचं वर्णन करणारा ग्रंथ तयार केला, त्यातल्या नकाशांत वसई आणि चौल दोन्ही आहेत. ते पाहून मग तटाकाठाने चालावं, आकार लगेच कळतो. या तटाला मोठे दरवाजे दोनच महत्त्वाचे, एक जमिनीकडचा आणि एक बंदराकडचा. वरच्या चौलातून येणारा एकाने, जहाजातून उतरणारा दुसऱ्याने. मधलं सगळं गाव या दोन नाक्यांमध्ये.

खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. त्याची गोष्टही इथे सांगितली पाहिजे, कारण तट म्हणजे धमकीही असते. खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज त्या डोंगराखालून जातं. तिथे तोफा बसल्या की रेवदंड्याचा बंदराकडचा दरवाजा नुसता नावाला उरतो. निजामशहाला ते आधीच कळलं होतं, आणि १५९० नंतरच्या वर्षांत दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने तिथे किल्ला उभा केला. १५९४ च्या सप्टेंबरमध्ये पोर्तुगिजांनी त्यावर हल्ला केला. खालच्या चकमकीत हरलेली माणसं किल्ल्याकडे धावली, आणि वर्णनं सांगतात की एक हत्ती नेमका दरवाजात कोसळला. दरवाजा मिटेना. पाठलाग करणारे त्याच फटीतून आत घुसले आणि किल्ला गेला. पोर्तुगिजांनी तो धडा लक्षात ठेवला असावा. आजचा कोर्लई पाहिला तर अरुंद लांबोड्या डोंगरमाथ्यावर एकामागून एक आडव्या भिंती आणि दरवाजे आहेत. एक दरवाजा गेला तरी पुढचा कप्पा झुंजता राहावा, अशी रचना. बुरुजांना संतांची नावं दिली होती.

हा नवा तट १६८३ मध्ये कसाला लागला. संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला. या वेळी तट होता, आणि समुद्रही उघडा होता. गाव पडलं नाही. मराठ्यांना मात्र एक गोष्ट पक्की कळली असावी. पुढे १७१६ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांना समुद्रकाठी, खाड्यांच्या तोंडाशी जागा देऊ नये, व्यापाराला आत कुठेतरी जागा द्यावी, असा सल्ला दिला आहे. कारण जागा दिली की तिथे कोट होतो, आणि मागे आरमार असलेला कोट हलवणं कठीण. बुऱ्हाण निजामशहाने घोड्यांच्या लोभाने दिलेली परवानगी डोळ्यांसमोर ठेवून वाचलं तर या सल्ल्याला चौलचाच वास येतो. हा माझा तर्क आहे; अमात्यांनी नाव घेतलेलं नाही.

मग शेवट कसा झाला? १७३७ मध्ये मराठ्यांनी उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज मुलखावर मोहीम उघडली. साष्टी गेली, ठाणं गेलं, माहीम-केळवे गेलं. १७३९ च्या मेमध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. ती मात्र सुरुंग लावून, तट फोडून, मोठी माणसं खर्ची घालून. वसई पडली आणि रेवदंडा एकटा पडला. मागचा मुलूख नाही, शेतसारा नाही, धान्य नाही, जकात द्यायला व्यापारी नाही. गोव्यावरही मराठ्यांचा दाब होता. १७४० च्या सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीने तह झाला. मराठ्यांनी गोव्याजवळच्या साष्टीतून माघार घ्यायची आणि त्या बदल्यात पोर्तुगिजांनी चौलचं ठाणं व कोर्लईचा किल्ला द्यायचा. दोनशे वर्षांहून जास्त काळ धरलेली जागा अशी गेली. तट जागच्या जागी होता, बुरूज शाबूत होते, तोफा होत्या. त्यांना राखायचं असं काही मागे उरलं नव्हतं.

ब्रिटनमध्येही साधारण हेच घडलं. हेड्रियनच्या भिंतीनंतर वीस वर्षांनी त्याच्या वारसाने आणखी उत्तरेला, सुमारे साठ किलोमीटर लांबीची दुसरी भिंत घातली, आणि तीही जेमतेम वीस वर्षांत सोडून दिली. सैन्य जुन्या भिंतीवर परत आलं. ती जुनी भिंत पुढे अडीचशे वर्षांच्या आसपास राखली गेली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमकडून पगार येईनासा झाला, आणि भिंतीवरचे लोक हळूहळू शेतकरी झाले. नंतरच्या पिढ्यांनी त्या दगडांची घरं, चर्च, गोठे, कुंपणं बांधली. रेवदंड्यातही तसंच झालं. तटाचा चिरा आज कुणाच्या जोत्यात आहे, कुणाच्या विहिरीच्या काठाला आहे.

एक गोष्ट मात्र या तटाला कधीच अडवता आली नाही. आतले पोर्तुगीज शिपाई आणि बाहेरची कोकणी माणसं एकमेकांशी बोलत राहिली, लग्नं झाली, मुलं झाली, आणि त्यातून एक बोली तयार झाली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची चाल मराठीची. तटाच्या आत वाढलेली ही बोली पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही टिकली. तिचे बोलणारे खाडीपलीकडे, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात राहिले. भाषाशास्त्रज्ञ तिला कोर्लई क्रिओल म्हणतात, गावातले लोक ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा. बोलणारे हजाराच्याही आतबाहेर. चर्चजवळच्या गल्ल्यांतून दुपारी गेलात तर अंगणात बसलेल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींशी ती बोलताना ऐकू येतात, आणि आपल्याकडे वळून रस्ता सांगतात तो मराठीत.